जाळ्याची निगा, रिळाचं तेलपाणी

तागाचं किंवा सुताचं जाळं पाण्यातून निघालं की उन्हात पसरायचं असतं. नायलॉनचं जाळं निघालं की उन्हातून उचलून सावलीत ठेवायचं असतं. गोदावरी-पूर्णेच्या काठावर एकाच पिढीला या दोन्ही रीती पाळाव्या लागल्या. पहिली बापाकडून आलेली. दुसरी जाळं विकणाऱ्यानं सांगितलेली, नाहीतर एखादं जाळं उन्हानं कडक होऊन तडातडा तुटल्यावर कळलेली. मासेमारीबद्दल लिहिताना आपण कोणतं साधन कधी आलं, मासा किती निघाला, तळ्याचा ठेका कुणाकडे गेला हे टिपतो. साधन घरी आणून खुंटीला अडकवल्यावर पुढे त्याचं काय होतं, तिकडे लक्ष जात नाही. माझं म्हणणं असं की ताडकळसच्या आसपासच्या नदीपट्ट्यात कोणतं साधन रुजलं आणि कोणतं वेशीवरच थांबलं, याचा उलगडा त्या खुंटीपाशी होतो. जे साधन घरच्या हातांनी, घरात असलेल्या वस्तूंनी ठाकठीक ठेवता येतं ते टिकतं; त्याची किंमत आणि मासे धरण्यातली त्याची करामत या गोष्टी त्यामागून येतात. जाळ्याच्या बाबतीत हे दाखवणं सोपं आहे. दांडीला लावायच्या रिळाच्या बाबतीतही ते खरं ठरतं का, हे बघायला जरा लांबचा फेरा घ्यावा लागेल.

ताडकळस हे पूर्णा तालुक्यातलं, स्वतःची बाजार समिती असलेलं गाव. दक्षिणेला गोदावरी, उत्तरेला पूर्णा. दुधना वरच्या अंगालाच पूर्णेला मिळालेली असते आणि पुढे पूर्णा गोदावरीत उतरते. गाव शेतीचं, कापूस-ज्वारीचं आणि आता सोयाबीनचं, पण दोन नद्यांच्या बेचक्यात बसलेलं. धरणं होण्याआधी या नद्या पावसाळ्यात फुगायच्या आणि मग आटत आटत उन्हाळ्यात डोहांपुरत्या उरायच्या. मासा त्या डोहांत गोळा व्हायचा आणि त्याच्यामागे भोई. सय्यद सिराज उल हसन यांनी निजामाच्या राज्यातल्या जातीजमातींवर १९२० साली जो जाडजूड ग्रंथ काढला, त्यात भोयांचा धंदा मासेमारी आणि पालखी वाहणं असा सांगितला आहे. त्याला वाळूतले टरबूज-खरबुजाचे वेल, पुरात उतारूंना पलीकडे नेणं आणि फुटाण्या-मुरमुऱ्यांची भट्टी जोडली की भोयाच्या घरचं वर्ष पुरं होतं. म्हणजे मासेमारी हा अनेक धंद्यांतला एक, आणि जाळं वर्षातले बरेच दिवस पाण्याऐवजी घरात. अशा जाळ्याला वापरून झिजण्यापेक्षा पडून कुजण्याची भीती मोठी. मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांना कॅम्बेलची गॅझेटिअरं मिळाली; १८८२ च्या ठाण्याच्या खंडात कोळ्यांची आणि त्यांच्या मासेमारीची माहिती बारकाईनं नोंदलेली सापडते. परभणी निजामाकडे असल्यानं त्या मालिकेत नाही. परभणीचं गॅझेटिअर निघालं ते थेट १९६७ साली, तेव्हा नायलॉन उंबऱ्यापर्यंत आलेलं होतं. त्यामुळे इथे साक्ष काढायची ती धाग्याची, गाठीची आणि सालीच्या रंगाची.

धागा तागाचा. बंगालचा ज्यूट वेगळा. हा ताग म्हणजे पिवळ्या फुलांचं, शेतात हिरवळीचं खत म्हणूनही गाडतात ते पीक. त्याच्या जोडीला बांधावरची अंबाडी, जिचा पाला भाजीला आणि सालीचा वाख दोरांना. दोन्हींच्या पेंढ्या बांधून पाण्यात बुडवून ठेवायच्या, साल सुटली की सोलायची, धुऊन वाळवायची आणि मग टकळीवर पीळ द्यायचा. ज्या कुजण्यातून हा धागा हाती येतो तेच कुजणं पुढे त्याच्या जिवावर उठतं. भिजत घातलेल्या पेंढीतले जिवाणू आधी साल आणि देठ यांना धरून ठेवणारा चिकट भाग खातात, म्हणून साल सुटते. विणलेलं जाळं पुन्हा पुन्हा ओलं राहिलं तर दुसरे जिवाणू धाग्यालाच लागतात. कोमट, गढूळ पाण्यात न कमावलेला सुती धागा काही आठवड्यांत हातानं तुटेल इतका निकामी होतो. यावर उपाय दोनच होते आणि दोन्ही घरगुती: जाळं कडकडीत वाळवणं आणि सालीच्या काढ्यात बुडवणं. कोकणात त्यासाठी ऐनाची साल होती, बंगालात गाबाचं कच्चं फळ, दक्षिणेत चिंचोके. इंग्लंड-स्कॉटलंडच्या बंदरांत तर हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातून गेलेला खैराचा काथ मोठमोठ्या कढयांत उकळत आणि जाळी, शिडं त्यात बुडवून काढत. तिकडच्या जुन्या होड्यांची शिडं तांबूस दिसतात ती त्यामुळे. झाडं वेगवेगळी, आतलं द्रव्य एकच, टॅनिन, ज्यानं चामडं कमावतात ते. मराठवाड्यात चामड्यासाठी बाभळीची आणि तरवडाची साल वापरात होती, तेव्हा साल उकळून रस काढण्याची विद्या इथे कुणाला बाहेरून शिकवावी लागली नसती. पण हे द्रव्य पाण्यात हळूहळू धुऊन जातं. काढा एकदा देऊन भागत नाही, हंगामात तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो, आणि कधी द्यायचा ते जाळ्याचा उतरलेला रंग सांगतो.

मग गाठ. जाळ्याच्या प्रत्येक डोळ्याला चार कोपरे आणि प्रत्येक कोपऱ्यावर एक गाठ. विणकर तुटलेला ताणा जोडताना जी मारतो तीच. बांबूच्या चपट्या सुईच्या पोटात दोरा भरायचा, डोळ्याचं माप राखायला बोटांवर किंवा बांबूच्या पट्टीवर वळसा घ्यायचा आणि ओढून आवळायचं. नवं जाळं विणणं यानं जमतं, पण कसब लागतं ते फाटलेलं जाळं सांधताना. शिंगट्याच्या काट्यानं किंवा डोहातल्या खडकानं भोक पडलं तर ते आहे तसं बुजवता येत नाही, आधी ते मोठं करावं लागतं. कडेचे लोंबणारे धागे छाटायचे, ज्या गाठीला तीन धागे शाबूत आहेत ती शोधायची, तिथून सुरुवात करून ओळीनं विणत यायचं आणि शेवट पुन्हा तशाच तीन धाग्यांच्या गाठीवर करायचा. छाटताना एक धागा चुकीचा कापला तर शेवटी एक डोळा उरतो नाहीतर कमी पडतो, जाळं त्या जागी आक्रसतं, आणि पाण्यात फेकल्यावर गोल न उघडता दुमडतं. हे काम बसून करायचं असल्यानं घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याला येणं साहजिक होतं. नदीवर जाणं झेपत नाही, पण बोटं अजून चालतात, अशा वयाचं ते काम.

इथे गावगाड्याची एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त बलुत्याची जी व्यवस्था मांडली, तिच्यात शेतकऱ्याच्या अवजारांची निगा वाटून दिलेली आहे. नांगराचं लाकूड सुतार बघतो, फाळ लोहार, मोट चांभार, दोर मांग. शेतकरी खळ्यावर त्यांना धान्य घालतो. कोळ्याला वाटा मिळतो तो पाण्याबद्दल, मासेमारीबद्दल नाही, आणि जाळं सांधून देणारा बलुतेदार कुठेच दिसत नाही. शेतीच्या अवजाराची निगा गावानं अंगावर घेतली होती. मासेमारीच्या साधनाची निगा ज्याच्या त्याच्या घरावर पडली. याचा परिणाम साधा हिशेब मांडला तरी दिसतो. घरातले हात जितकं जाळं पिळू, विणू, कमावू आणि वाळवू शकतील तितकंच मोठं जाळं. पैसा असता तरी ते वाढवता आलं नसतं, कारण मोठं जाळं म्हणजे वाळवायला मोठी जागा, काढ्याला मोठी कढई आणि सांधायला आणखी चार म्हातारे. डोहावरचं फेकजाळं एका माणसाच्या खांद्यावर मावेल एवढं असतं. ते माप एकट्या फेकणाऱ्याच्या ताकदीवरून ठरलं असं आपण धरून चालतो. मला वाटतं, त्यात घरी बसलेल्यांची ताकदही मोजलेली आहे.

यावर कुणी म्हणेल, हा सगळा जुन्या कष्टांचा गौरव झाला. टकळीवर ताग पिळून बोटं सोलवटतात, सालीचा काढा हातांना काळा करतो आणि या कामाची मजुरी कुणी धरत नाही. जातीनं गळ्यात बांधलेलं काम कौतुकानं सांगण्यात काय हशील? आक्षेप बरोबर आहे आणि मी तो मागे सारू इच्छित नाही. उलट माझा मुद्दा त्यानं पक्का होतो. हे कष्ट इतके मोठे होते म्हणूनच त्यांतून सोडवणारा धागा आला तेव्हा जुनं जाळं टिकलं नाही. कष्ट किरकोळ असते तर ताग आणि नायलॉन शेजारी शेजारी बराच काळ नांदले असते. भाषेनंही या कष्टांची दखल घेतलेली नाही, हे जाता जाता नोंदवायला हवं. गळाला लागणं, जाळ्यात सापडणं, जाळं टाकणं हे सगळं मराठीत रोज बोललं जातं, पण जाळं वाळवण्यावरून किंवा कमावण्यावरून आलेला वाक्प्रचार शोधून सापडत नाही. धरण्याचं कौतुक आहे. राखण्याचं शब्दांतसुद्धा नाही.

नायलॉनची घोषणा अमेरिकेतल्या ड्यू पाँ कंपनीनं १९३८ साली केली. कोचीनला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ फिशरीज टेक्नॉलॉजी ही संस्था १९५७ साली सुरू झाली आणि कृत्रिम धाग्याची जाळी देशभर पोचवण्यात तिचा मोठा वाटा आहे. आमच्या पट्ट्यात हे घडत होतं तेव्हाच नद्याही बदलत होत्या. पूर्णेवर जिंतूर तालुक्यात येलदरीचं धरण १९६८ साली पुरं झालं, त्याच्या खाली सिद्धेश्वर; वर पैठणला जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली केली आणि उद्घाटन इंदिरा गांधींनी १९७६ साली. त्याच १९७६ मध्ये पुण्यात गरवारे वॉल रोप्स ही दोर आणि जाळी बनवणारी कंपनी उभी राहिली. डोहांच्या जागी जलाशय आले, मत्स्यबीज सोडणं आलं, सहकारी संस्था आणि त्यांचे ठेके आले. तेव्हा दुसरा आक्षेप असा: पाणी बदललं म्हणून जाळं बदललं, निगेचा यात संबंध काय? जलाशयाच्या खोल पाण्यात आडवी लावायची लांबच लांब जाळी लागतात, ती घरी पिळलेल्या तागाची होणारच नव्हती. जलाशयापुरतं हे खरं आहे. पण मग ओढ्यावरचं, बंधाऱ्याखालचं, गुडघाभर पाण्यात फेकायचं लहान जाळंही नायलॉनचंच का झालं? तिथे पाणी होतं तसंच होतं, मासा तोच, फेकणारा हात तोच. तिथे बदललं ते एवढंच की जाळं ओलं गुंडाळून ठेवलं तरी चालू लागलं. मजुरीला जाणाऱ्या माणसाला, परभणी किंवा पूर्णेच्या बाजाराला पहाटे मासा पोचवणाऱ्याला, दिवसाचे दोन तास आणि अंगणभर ऊन यांची गरज उरली नाही. मोठ्या जाळ्याचं कारण धरण असेल. लहान जाळ्याचं कारण खुंटीच आहे.

नायलॉनलाही निगा लागते, फक्त ती उलट्या बाजूनं लागते. ते कुजत नाही, पण ऊन त्याला खातं, म्हणून सावली. सूत भिजल्यावर अधिक घट्ट होतं. नायलॉन भिजल्यावर थोडं कमजोर होतं. आणि नायलॉन गुळगुळीत असल्यानं जुनी गाठ त्यावर सरकते. पिढ्यान्‌पिढ्या बोटांत बसलेली एकेरी गाठ सोडून दुहेरी मारावी लागली किंवा कारखान्यात उष्णता देऊन गाठ बसवलेलं तयार जाळं आणावं लागलं. बहुतेकांनी दुसरं केलं. जाळ्याचं कापड वजनावर घ्यायचं आणि घरी फक्त वरचा दोर, खालचं शिसं आणि तरंगणारे ठोकळे बांधायचे, इतकंच काम उरलं. त्यानंतर एकाच तारेचा, काचेसारखा पारदर्शक धागा आला, ज्याला आपल्याकडे तंगूस म्हणतात. तंगूसचं जाळं माशाला दिसत नाही, म्हणून मासा भरपूर लागतो. पण ते बारीक, ताठ आणि निसरडं. फाटलं तर सांधायला बसण्यापेक्षा नवं घेणं परवडतं. इथे माझ्या दाव्याला खरी अडचण येते. निगेवरच साधन टिकत असेल तर ज्याची निगा राखताच येत नाही ते तंगूस सगळीकडे कसं? याचं उत्तर असं की एखादी वस्तू टिकणं आणि तिचा खप टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तंगूसचं एकही जाळं फार दिवस टिकत नाही; टिकते ती त्याची विक्री. निगा घरातून गेली, तिच्या जागी दुकानाची फेरी आली. निगा संपली म्हणून वस्तू संपली असंही होत नाही: पाण्यात तुटून राहिलेलं तागाचं जाळं कुजून माती व्हायचं, तुटलेलं नायलॉन मात्र बाभळीच्या मुळ्यांत अडकून वर्षानुवर्षं मासे, कासवं आणि पाणकोंबड्या धरत राहतं, आणि ते सोडवायला कुणी येत नाही.

आता रीळ. चीनमध्ये इसवी सन १२०० च्या आसपास मा युआन या चित्रकारानं हिवाळ्यातल्या पाण्यावर होडीत एकटा बसलेला कोळी रंगवला, त्याच्या दांडीला रीळ स्पष्ट दिसतं. इंग्लंडमध्ये टॉमस बार्करच्या पुस्तकात १६५१ साली त्याचा उल्लेख येतो. पण आजचं रीळ घडलं ते दोन प्रकारच्या कारागिरांकडून. अमेरिकेत केंटकीमधल्या जॉर्ज स्नायडर या घड्याळजीनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दात्यांचं वेगवान रीळ बनवलं. इंग्लंडमध्ये लोकर-गिरण्यांच्या ब्रॅडफर्ड परिसरातल्या अल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ या गिरणीमालकानं १९०५ साली असं रीळ काढलं की ज्याचं दोऱ्याचं बोंडूक फिरत नाही, दोरा त्याच्या तोंडावरून सुटत जातो. सूतगिरणीतल्या बोंडकावरून धागा सुटतो तसा. स्वीडनमधल्या आबू या प्रसिद्ध कंपनीच्या नावातच घड्याळांचा कारखाना दडलेला आहे. १९२१ साली तो सुरू झाला तेव्हा तिथे घड्याळं आणि टॅक्सीचे मीटर बनत. दुसऱ्या महायुद्धात मीटरांची मागणी बसली आणि त्याच हातांनी रिळं बनवायला घेतली. म्हणजे रीळ हे अर्धं घड्याळ आणि अर्धी सूतगिरणी. जाळ्याच्या गाठीत जो विणकर होता तोच इथे दुसऱ्या वाटेनं परत भेटतो.

हिंदुस्थानात रीळ आलं ते साहेबांच्या सामानातून. मद्रास इलाख्यातले मुलकी अधिकारी एच. एस. टॉमस यांनी १८७३ साली इथल्या गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिलं आणि म्हसीर, म्हणजे आपला खडशी, साहेबी शौकात मोठा झाला. हैदराबाद कंटिंजंट फौजेची हिंगोलीची छावणी ताडकळसपासून फार लांब नव्हती. १९०३ साली ती उठली. छावणीतल्या कुणी कयाधूवर रीळ फिरवलं असो वा नसो, भोयांनी ते उचललं नाही. का? सोपं उत्तर असं की ज्याला मासा विकून पोट भरायचं त्याला एका वेळी एकच मासा धरणारं साधन नको असतं. हे उत्तर बरोबर आहे आणि पोटासाठीच्या मासेमारीपुरतं पुरेसंही आहे. पण सगळी मासेमारी पोटासाठी नसते. गळ टाकून डोहाकाठी बसणारे शेतकरी, पोरं, सुट्टीवर आलेले लोक या पट्ट्यात कायम होते. त्यांचा दोरा काठीला बांधलेला, नाहीतर बाटलीभोवती गुंडाळलेला असायचा. दोरा गुंडाळण्याचं यंत्र त्यांना माहीत नव्हतं असंही नाही, संक्रांतीला त्यांच्याच हातात पतंगाची चक्री असे. गरज होती, कल्पना होती, एका माशावर समाधान मानायची तयारीही होती. नव्हती ती एकच गोष्ट: बिघडलेलं रीळ उघडून बसेल असं जवळपास कुणी.

यंत्राची भीती हे कारण सांगणं या प्रदेशावर अन्याय होईल. वंगण या शब्दाशी इथला शेतकरी बैलगाडीच्या आसापासून परिचित आहे. आस कुरकुरायच्या आधी एरंडेल घालायचं, हे त्याला कुणी पुस्तकातून सांगितलं नाही. पुढे शिलाई मशीन आलं. सिंगरची मशीनं एकोणिसाव्या शतकातच हिंदुस्थानात विकली जात होती आणि १९३५ साली सुरू झालेल्या कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सनं उषा मशीन गावोगाव नेलं. मग विहिरींवर तेलाची इंजिनं, पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची १९४६ नंतरची. शिलाई मशीन रिळापेक्षा सोपं नाही आणि तेलाचं इंजिन तर नाहीच. तरी दोन्ही रुजली, कारण प्रत्येकाबरोबर सुटे भाग विकणारा आणि तेल कुठे घालायचं ते सांगणारा माणूस बाजारापर्यंत आला, आणि आठवड्याचं तेलपाणी घरची बाई किंवा शेतमालक स्वतः करू लागले. रिळाबरोबर असा माणूस आला नाही. साहेबाचं रीळ बिघडलं तर ते मुंबईला किंवा थेट विलायतेला जायचं.

गेल्या काही वर्षांत हे बदललं. स्वस्त स्पिनिंग रिळं टपालानं दारात येऊ लागली आणि मोबाइलवर ती उघडून दाखवणारे हातही. पण रीळ घरात राहतं की अडगळीत जातं हे अजूनही पहिल्यांदा ते उघडण्यावर ठरतं. काळ्या मातीचं पाणी इथे खरा शत्रू आहे. गोदेचा गाळ इतका बारीक की झाकणाच्या फटीतून आत जातो, ग्रीसमध्ये मिसळतो आणि दात्यांना घासणारा लेप तयार होतो. हँडल फिरवताना वाळू दळल्यासारखा खरखर आवाज येतो तो त्याचा. ज्यानं हे काम नीट शिकून घेतलं आहे तो आधी परात आणि फडकं घेतो, कारण तार वळवणाऱ्या कमानीची बारीक स्प्रिंग उडाली की मातीच्या जमिनीवर ती परत सापडत नाही. बोंडूक काढायचं, हँडल सोडवायचं, कुशीचं झाकण उघडायचं. निघालेला प्रत्येक भाग निघाल्या क्रमानं डावीकडून उजवीकडे मांडायचा, त्यात कागदाइतक्या पातळ चकत्याही, कारण एक चकती राहिली की दाते एकमेकांत सैल बसतात. जुनं काळं ग्रीस रॉकेलमध्ये भिजवलेल्या ब्रशनं काढायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मग दात्यांवर ग्रीसचा पातळ हात. बेअरिंगवर आणि दोरा ज्यावरून येतो त्या फिरत्या चाकावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. हँडल उलटं फिरू न देणारं जे एकमार्गी बेअरिंग असतं त्याला मात्र ग्रीस लावायचं नाही. आतले रोळे घसरायला लागतात आणि मासा ओढायच्या क्षणी हँडल मागे फिरतं. दोरा सुटू देणारा ब्रेक ठेवून देताना सैल करायचा, नाहीतर त्यातल्या नमद्याच्या चकत्या दबून चपट्या होतात आणि पुढे दोरा धक्क्याधक्क्यानं सुटतो.

या यादीतलं काय इथलं नाही? रॉकेल, ब्रश, परात, फडकं, मशीनचं तेल. विकत आणावं लागलंच तर ग्रीस, आणि तेही ट्रॅक्टरवाल्याकडे असतं. रीळ इथे शंभर वर्षं उशिरा आलं, पण ज्या दिवशी त्याची निगा शिंप्याच्या सामानात बसली त्या दिवशी ते आलं. शेवटचा आक्षेप असा येईल की स्वस्त रिळंसुद्धा तंगूसच्याच वाटेनं जातील. बिघडलं की फेकायचं. काही जातीलच. ज्यांच्या कुशीचं झाकण स्क्रूऐवजी रिव्हेटनं ठोकलेलं असतं, ज्यांचा मुख्य दाता नरम मिश्रधातूचा आणि सुटा मिळत नाही, त्यांना ग्रीस लावून उपयोग नाही. पण स्क्रूच्या रिळाचं तसं नाही. त्याचा एक गुण जुन्या जाळ्यापेक्षाही सोयीचा आहे: ते घरात पडून असताना कुजत नाही, त्यामुळे वर्षातून चार वेळा वापरणाऱ्यालाही ते सांभाळता येतं. डोहावरच्या भोयाला तागाचं जाळं पडून कुजण्याची जी चिंता होती, ती इथे नाही. इथे चिंता आहे ती गाळाची, आणि तिच्यावरचा उपाय बाजारातल्या कुठल्याही शिलाई मशीनच्या दुकानात मिळतो, लांब चोचीच्या त्याच छोट्या प्लॅस्टिकच्या बाटलीत. बाटलीचं टोपण सुईनं भोसकून भोक बारीक ठेवायचं, म्हणजे थेंब एकच पडतो.